तक्रार नाही

एसटीच्या एका वाहकांचा केसपेपर मी अजून जपून ठेवलाय. २००३ ते २००८ या पाच वर्षांतल्या चौदा भेटी, आणि प्रत्येक भेटीखाली माझ्या अक्षरात एकच शेरा : ‘तक्रार नाही’. शेवटच्या पानावर तुपकट डाग आहे, तो त्यांनी आणलेल्या पेढ्यांचा. गुदाशयाचा कर्करोग पाच वर्षांत उलटला नाही, म्हणून पेढे. मी दोन खाल्ले, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, ‘‘आता पुन्हा माझं तोंड बघायची वेळ येऊ नये.’’

ते आले नाहीत. २०१३ मध्ये मीच फोन केला तेव्हा कळलं, की ऑपरेशनला दहा वर्षं होत आली आणि हा माणूस ड्यूटीच्या दिवशी सकाळपासून पोटात अन्नाचा कण घेत नाही.

हे आत्ताच सांगून टाकलं, कारण पुढचं सगळं वाचताना ते लक्षात असलेलं बरं. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्यामुळे मी स्वतःला बऱ्यापैकी हुशार समजत होतो.

मी पोटाचा सर्जन. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटी, साधारण वीतभर लांबीचा गुदाशय असतो. तिथं कॅन्सर झाला आणि तो खाली, गुदद्वाराच्या जवळ असला, तर एकेकाळी उपाय एकच होता. १९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्सनं घालून दिलेला. पोटातून आणि खालून दोन्हीकडून शिरायचं, गुदद्वारासकट सगळं काढायचं, वरच्या आतड्याचं तोंड पोटावर आणायचं. पेशंटच्या भाषेत ‘पिशवी लावायची’. पुढं तंत्र सुधारलं. १९८२ साली इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीची चरबीची सबंध गादी अखंड उचलून काढण्याचं महत्त्व दाखवून दिलं. जोडीला गोल स्टेपलर आले. मग खालचा कॅन्सर काढूनही गुदद्वार राखता येऊ लागलं. वरचं आतडं खाली ओढून आणायचं आणि उरलेल्या बोटभर बुंध्याला जोडून टाकायचं.

माझी पिढी ह्या जोडण्याच्या आनंदात वाढली. पिशवी टाळणं हाच विजय होता. पेशंटचे नातेवाईक ओटीबाहेर पहिला प्रश्न तोच विचारायचे, ‘‘पिशवी लागली का?’’ ‘नाही’ म्हणताना छाती फुगायची.

पण गुदाशय म्हणजे नुसता पाइपाचा शेवटचा तुकडा नव्हे. तो साठवण आहे, आणि राखणदारही. आत आलेला वारा आहे की मळ, हे तो ओळखतो. आत्ता नको म्हटलं की थांबतो. त्याच्या जागी आपण जे आतडं आणून बसवतो त्याला असलं काही शिकवलेलं नसतं. पुढं ढकलायचं एवढंच त्याला माहीत. ही साधी गोष्ट मला पुस्तकात पाठ होती. ती कळायला तीन पेशंट खर्ची पडले, आणि त्या तिघांत एक धागा आहे : प्रत्येक चूक मी आधीच्या चुकीवरचा उतारा म्हणून केली.

सुरुवातीला मी सरळ जोड करायचो. नळीला नळी. शिकलो तेच करत होतो. दोन-तीन पेशंट दिवसातून दहा-बारा वेळा संडासला जातात असं ऐकल्यावर वाचायला घेतलं. १९८६ साली पॅरिसच्या पार्क आणि तुलूजच्या लाझोर्त या दोन फ्रेंच गटांनी एकाच मासिकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक युक्ती मांडली होती. आतड्याचं खालचं टोक इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखं वर दुमडायचं, दोन पदरांमधली भिंत स्टेपलरनं उघडायची की एक छोटी साठवण तयार होते. मग तिचा तळ गुदद्वाराला जोडायचा. ह्याला म्हणतात जे-पाउच. पेशंटच्या संडासच्या फेऱ्या कमी होतात, निदान पहिलं वर्ष-दीड वर्ष तरी नक्की. १९९६ साली स्वीडनमधल्या हालब्यूक आणि सहकाऱ्यांनी शंभर पेशंटांमध्ये दोन्ही जोडांची तुलना केली, तर पाउचच्या गटात गळतीसुद्धा कमी. सरळ जोडात १५ टक्के, पाउचमध्ये २. आतड्याच्या कापलेल्या टोकाला रक्त कमी पोचतं आणि बाजूला जास्त, हे त्याचं एक कारण मानलं गेलं.

मी हुरळलो. २००० साली एक अंगणवाडी सेविका आल्या, एक्कावन्न वर्षांच्या, सडपातळ, रुंद श्रोणी. पाउचला याहून सोयीचा पेशंट मिळायचा नाही. मी त्यांना बारा सेंटिमीटरचा पाउच केला.

का बारा? खरं उत्तर द्यायचं तर हौस. साठवण करायची तर ऐसपैस करू, मागाहून कमी पडायला नको. घर बांधताना माणसं वरच्या मजल्याचे गज आधीच काढून ठेवतात ना, तसं. वास्तविक १९९६ आणि १९९७ मध्येच जपानमधून आणि तुलूजच्या त्याच लाझोर्तकडून छापून आलं होतं की पाच-सहा सेंटिमीटर पुरे. पाउच मोठा केला तर तो भरतो, पण रिकामा होत नाही. मापाबद्दल मी १९८६ चंच वाचलं होतं. त्यापुढची दहा वर्षं वाचायची राहिली होती. शिवाय मी पाउचला सिग्मॉइड आतडं वापरलं, जाड भिंतीचं, चिवट. वरचं, उतरतं आतडं खाली आणायचं तर प्लीहेजवळचा कोपरा सोडवावा लागतो आणि त्यात पाऊण तास जातो. तो पाऊण तास मी वाचवला.

बाईंना संडासला पळावं लागत नसे. उलट, होतच नसे. बसून राहायच्या. ‘‘अर्धं येतं, अर्धं आतच बसतं,’’ म्हणायच्या. अंगणवाडीत पोरं यायच्या आधी दीड तास उठून एनिमा घ्यायचा, तरच दिवस सुटसुटीत. मी म्हणालो, ‘‘होईल सवय.’’ सहा महिन्यांनी औषध सोडून फोटो काढला, तर श्रोणीत एक ढेरपोटी पिशवी लोंबकळत बसलेली. मी फोटो पाकिटात घातला आणि त्यांना सांगितलं, जोड उत्तम आहे. जोड खरंच उत्तम होता.

‘पिशवी’ शब्दावरून आठवलं. त्याच सुमारास सांगोल्याकडचे एक म्हातारे आले होते, बरोबर मुलगा. मी उत्साहानं समजावलं, ‘‘आतड्याची पिशवी करू, आतल्या आत.’’ मुलानं ऐकलं ‘पिशवी’. बाकीचं वाक्य त्याच्या कानापर्यंत गेलंच नाही. ‘‘पिशवी नको म्हणून तर तुमच्याकडं आलो,’’ म्हणाला, आणि बापाला घेऊन गेला. मीही अडवलं नाही, बाहेर रांग होती. पाच महिन्यांनी ते आतडं पूर्ण बंद होऊन परत आले. तेव्हा पोटावर पिशवी लावण्यापलीकडं मला काही करता आलं नाही. जी नको म्हणून गेले, तीच. मराठीत एका गोष्टीला आणि तिच्या बरोबर उलट गोष्टीला मी एकच शब्द वापरत होतो, हे माझ्या ध्यानात यायला एवढं व्हावं लागलं. पुढं एका आजोबांना कागदावर चित्र काढून दाखवलं तर ते म्हणाले, ‘‘म्हंजे चंचीवानी दुमड.’’ तेव्हापासून मी ‘चंची’ म्हणतो. तरुण पोरांना चंची ठाऊक नसते, त्यांना ‘कप्पा’.

तर अंगणवाडीच्या बाईंच्या अनुभवानं मी पाउच सोडला. पाच सेंटिमीटरचा करायला शिकणं, हा उघड उपाय होता. पण पोळलेला माणूस नेमकं काय पोळलं याची चौकशी करत बसत नाही. मी परत सरळ जोडाकडं वळलो. आणि २००३ मध्ये ते एसटी वाहक आले.

वय त्रेचाळीस. लांब पल्ल्याची ड्यूटी, वस्तीची गाडी. गाठ गुदद्वारापासून चार बोटं वर. त्यांनी माझे पाय धरले, अक्षरशः. ‘‘डॉक्टर, पिशवी लावू नका. गाडीत चाळीस माणसं असतात, उभं राहून तिकिटं फाडतो मी. धक्क्यानं पिशवी फुटली तर?’’ मी शब्द दिला आणि पाळला. गाठ निघाली, कडा स्वच्छ आल्या, जोड अगदी खाली बसला. जोड भरून येईपर्यंत तीन महिने पोटावर तात्पुरती पिशवी होती, ती बंद केली. ऑपरेशननंतर रेडिएशन झालं, ते बिनसाठवणीच्या, नव्यानं खाली आणलेल्या आतड्यावरूनच गेलं. अशा आतड्याचं लवचीकपण त्यानं आणखी जातं. हेही मला तोंडपाठ होतं.

मग त्या चौदा भेटी. मी बोटानं जोड तपासायचो, रक्तातला मार्कर बघायचो, सोनोग्राफी बघायचो. जाता जाता विचारायचो, ‘‘कितीदा जावं लागतं?’’ ते म्हणायचे, ‘‘सहा-सात.’’ मी म्हणायचो, ‘‘चालतंय. बाकी?’’ ‘‘बरं आहे.’’ तक्रार नाही.

तिसरी चूक ह्या दोन्हींच्या मधली, आणि जिवावर बेतलेली. २००५ मध्ये एक गुळाचे अडते आले. स्थूल, श्रोणी अरुंद, आतड्याच्या पडद्यात चरबीचे थर. अशा माणसात पाउच दुमडला तरी खाली बसत नाही, म्हणजे नको असलेला पाउच नाकारायला सबळ कारणही मिळालं होतं. पण सरळ जोडाचे पेशंट फेऱ्या मारतात, हे मनात कुठं तरी टोचतच होतं. नुकत्याच एका परिषदेत तिसरी युक्ती पाहिली होती, कोलोप्लास्टी. मूळची बर्नच्या झग्राग्गेन, ब्यूखलर वगैरे मंडळींची. आतड्याच्या टोकापासून थोडं वर, सात-आठ सेंटिमीटरचा उभा छेद घ्यायचा आणि तो आडवा शिवायचा. शिंप्याच्या भाषेत फुग्याची बाही. तेवढ्या जागी आतडं फुगतं, साठवण होते, आणि टोक बारीकच राहिल्यामुळं अरुंद श्रोणीत सहज उतरतं. पडद्यावर इतकं सुंदर दिसत होतं, की मी परतीच्या रेल्वेत पाकिटाच्या मागं चित्रं काढत आलो.

केली. पाचव्या दिवशी नाडी एकशेदहा, थोडा ताप. रेसिडेंट म्हणाला, ‘‘सर, सीटी करायचा का?’’ मी म्हणालो, ‘‘ड्रेन साफ आहे, पोट मऊ आहे, छातीचं काही तरी असेल. फुगे फुगवायला सांग.’’ सहाव्या दिवशी नाडी एकशेवीस. सातव्या दिवशी सीटी. श्रोणीत पू. जोड मागच्या बाजूनं उसवला होता. तात्पुरती पिशवी लावलेली होती म्हणून ते वाचले. स्वीडनमध्येच पुढं, २००७ साली, प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी पिशवी असलेल्यांत गळती १० टक्क्यांच्या आसपास निघाली, नसलेल्यांत २८. ते आकडे वाचताना मला दर वेळी हे अडते दिसतात. त्यांची ती तात्पुरती पिशवी बंद व्हायला तीन महिन्यांऐवजी अकरा महिने लागले. जोड आवळला, तो बोटानं आणि डायलेटरनं किती वेळा मोठा केला, मोजलेलं नाही.

आवरून बसल्यावर मी ग्रंथालयात गेलो. जे आधी करायचं ते नंतर. बर्नचा पहिला लेख डुकरांवरचा होता. आणि २००२ मध्ये, माझ्या ऑपरेशनच्या तीन वर्षं आधी, सिंगापूरच्या एका चाचणीत कोलोप्लास्टीच्या गटात १५.९ टक्के गळती आणि जे-पाउचच्या गटात एकही नाही, असं स्वच्छ छापलेलं होतं. ते मासिक आमच्या ग्रंथालयात येत होतं. पुढं २००७ मध्ये क्लीव्हलंडच्या फाझिओंच्या मोठ्या चाचणीत तर असंही निघालं, की ज्यांना जे-पाउच बसत नाही त्यांच्यात कोलोप्लास्टी केल्यानं सरळ जोडापेक्षा काही अधिक पदरात पडत नाही. म्हणजे मी ज्या माणसासाठी ती केली, नेमकं त्याच माणसाला तिचा उपयोग नव्हता.

रेसिडेंटला मी तेव्हा काही बोललो नाही. तो आता पुण्यात मोठा सर्जन आहे. गेल्या वर्षी भेटला तेव्हा सांगितलं, ‘‘तू बरोबर होतास.’’ त्याला ती केस आठवतच नव्हती. असो.

ह्यानंतर मी स्थिरावलो तो टोकाला-बाजू या जोडावर. यात आतड्याचं कापलेलं टोक शिवून बंद करायचं, तीन-चार सेंटिमीटरचा बुंधा सोडायचा आणि आतड्याची बाजू गुदद्वाराला जोडायची. बेकरनं १९५० सालीच वर्णन केलेली जुनी गोष्ट. दुमड नाही, लांब स्टेपलर नाही, म्हणून पैसेही वाचतात, आणि आमच्याकडं ती लहान गोष्ट नाही. रक्त चांगलं असलेली बाजू जोडाला मिळते. स्वीडनच्याच माचाडोंनी २००३ मध्ये शंभर पेशंटांत याची जे-पाउचशी तुलना केली, तर काम जवळपास सारखंच. मला वाटलं, संपली भानगड. आता उत्तर सापडलं.

इथं जरा थांबून माझं मत सांगतो, कारण तरुण सर्जन मला हाच प्रश्न विचारतात : शेवटी कुठला जोड चांगला? जागा असेल तर छोटा जे-पाउच किंवा टोकाला-बाजू, दोन्ही सारखेच, पहिल्या वर्षात सरळ जोडापेक्षा सुखाचे. दोन वर्षांनी फरक बुजत जातो. स्वित्झर्लंडमध्ये सरळ, पाउच आणि बाजू असे तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर पेशंटच्या जगण्यात त्यांना म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. जोड किती खाली आहे आणि रेडिएशन झालंय का, या दोन गोष्टी दुमडीपेक्षा भारी पडतात. साठवणीमुळंच पाउच बरा ठरतो, हेही आता सगळे मानत नाहीत. दुमडल्यामुळं आतड्याची पुढं ढकलायची लाट मोडते, म्हणून निकड कमी होते, असंही एक म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. ह्या एवढ्याशा फरकासाठी मी दहा वर्षं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हेलकावे खात होतो, आणि हेलकावा कुठल्या बाजूला जाणार ते शेवटचा पेशंट ठरवत होता.

२०१२ मध्ये डेन्मार्कच्या एमर्टसेन आणि लाउरबर्ग यांनी एक प्रश्नावली छापली. गुदाशय काढलेल्या माणसासाठी फक्त पाच प्रश्न : वारा आवरता येतो का, पातळ शी गळते का, दिवसातून कितीदा जाता, एकदा जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा जावं लागतं का, आणि इतकी निकड येते का की पळावं लागतं. शून्य ते ४२ गुण. वीसपर्यंत ठीक, तीस किंवा त्याच्या वर गेलं की त्रास मोठा. गुण त्यांनी मनानं ठरवले नव्हते. पेशंटच्या जगण्यावर कशाचा किती परिणाम होतो, हे तपासून ठरवले होते.

मी गुण बघितले आणि माझा चहा निवला. निकडीला १६. पुन्हा पुन्हा जावं लागण्याला ११. आणि ‘कितीदा’ या प्रश्नाला जास्तीत जास्त ५. तेही दिवसातून एकदासुद्धा होत नसेल तर. सातपेक्षा जास्त वेळा जाणाऱ्याला ४ च. मी आयुष्यभर जो एकच प्रश्न विचारत आलो होतो, त्याला ४२ पैकी पाच गुण होते.

२०१३ च्या पावसाळ्यात आम्ही जुन्या पेशंटना फोन लावले. आधी प्रश्नांचं मराठी करावं लागलं. सिस्टरनं ‘निकड’ शब्द सुचवला, पण पेशंट स्वतः म्हणायचे ‘दम धरवत नाही’. पुन्हा पुन्हा जाण्याला एका काकूंनी ‘आतडं फसवतं’ म्हटलं. तो शब्द आम्ही तसाच ठेवला.

वाहकांच्या घरी फोन त्यांच्या पत्नीनं उचलला. मी प्रश्न सुरू करायच्या आतच त्या बोलायला लागल्या. ‘‘डॉक्टर, हे ड्यूटीच्या दिवशी जेवत न्हाईत वो. रात्री घरी आल्यावर एकदाच. चहासुदिक न्हाई.’’ मग ते स्वतः फोनवर आले. लांब पल्ला त्यांनी २००४ सालीच सोडला होता. ऑपरेशनमुळं झेपत नाही एवढंच डेपोत सांगितलं. शटलच्या फेऱ्या मागून घेतल्या, दोन्ही टोकांना स्टँडवर संडास आहे अशाच मार्गाच्या. कुठल्या स्टँडवरचा संडास उघडा असतो, कुठला कुलूपबंद, कुठल्या ढाब्याचा मालक ओळखीचा, हे सगळं त्यांना पाठ होतं. दोनदा वाटेतच डबल बेल द्यायच्या ऐवजी सिंगल बेल मारून गाडी थांबवली होती आणि उसात पळाले होते. दुसऱ्या वेळी एका प्रवाशानं डेपोत तक्रार केली. बॅगेत कायम जादा पँट. तिकिटाच्या मशिनखाली.

त्यांचे गुण भरले ४१.

‘‘तुम्ही मला कधी बोलला नाहीत,’’ मी म्हणालो. आवाज जरा चढाच होता माझा, जसं काही त्यांनी मला फसवलं होतं.

‘‘तुमी क्यान्सरचं विचारत हुता,’’ ते म्हणाले, ‘‘त्याचं बरंच हुतं की.’’

अंगणवाडीच्या बाईंनाही फोन झाला. त्या निवृत्त झाल्या होत्या. पळावं लागत नाही, गळत नाही, वारा आवरतो. एनिमा नाही घेतला तर चार-चार दिवस काही नाही, म्हणून ५. कधीमधी एनिमानंतर फसवतं, म्हणून ९. एकूण चौदा. म्हणजे डॅनिश हिशेबानं ठणठणीत. अडकून राहण्याचा प्रश्नच त्या पाचांत नव्हता, आणि त्या चौदा गुणांच्या बाई तेरा वर्षं रोज दीड तास आधी उठत होत्या. मी कागदाच्या तळाशी सहावा प्रश्न पेनानं लिहिला. तो आमच्याकडं अजून पेननंच लिहिला जातो.

वाहकांना मी बोलावून घेतलं. वर्षभर जे जे करता येतं ते केलं. लोपेरामाइड, ईसबगोल, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, सकाळी आतडं पाण्यानं धुऊन रिकामं करणं. ४१ चे ३४ झाले. कागदावर सुधारणा. एक दिवस ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘‘डॉक्टर, पिशवी लावून द्या. कायमची.’’

मला राग आला. हे लिहायला जड जातंय, पण आला. माझा उत्तम जोड, अकरा वर्षं टिकलेला, कॅन्सर नाही, गळती नाही, आणि हा माणूस तो फुकट घालवायला निघालाय. मी अर्धा तास वाद घातला. म्हणालो, ‘‘तुम्हीच पाय धरले होते माझे, पिशवी नको म्हणून.’’

‘‘धरले हुते,’’ ते म्हणाले. ‘‘तवा मला म्हाईत नव्हतं. तुमाला म्हाईत हुतं.’’

मलाही नव्हतं. आधीच्या एकाही पेशंटला मी धड विचारलं नव्हतं, मग मला कुठून माहीत असणार? पण हे सांगायचं धाडस त्या दिवशी झालं नाही. मी विषय बदलून विचारलं, ते तीन महिने पिशवी होती तेव्हा कसं होतं. गळायची, वास यायचा, कातडी सोलायची, ते म्हणाले. ‘‘पर ती कुटं जायाची न्हाई. पोटावरच असायची.’’

२०१४ मध्ये मी जोडाच्या वर आतडं कापून त्याचं तोंड पोटावर काढलं. तासाभराचं काम. माझ्या अख्ख्या कारकिर्दीतलं सर्वांत सोपं म्हणता येईल असं. पट्ट्याची रेघ कुठं येते, तिकिटाच्या मशिनचा पट्टा कुठून जातो, हे बघून आदल्या दिवशी त्यांनी स्वतः पोटावर पेननं खूण केली होती. त्यांना गणवेश घालून यायला सांगितलं होतं.

शेवटची चार वर्षं त्यांनी परत लांब पल्ला घेतला. निवृत्तीनंतर एकदा आले, पिशवीशेजारी हर्निया झाला होता, मुठीएवढा फुगा. अशा तोंडाशेजारी तो बऱ्याच जणांना होतो. मी म्हणालो, जाळी बसवून दुरुस्त करता येईल.

‘‘ऱ्हाऊ द्या,’’ ते म्हणाले. ‘‘ते मला तरास देत न्हाई, मी त्याला देत न्हाई.’’

मी केसपेपर ओढला. पेन नेहमीच्या शब्दांकडं वळलं होतं, ते थांबवलं आणि त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं. ते म्हणाले, मी तसंच्या तसं लिहून घेतलं. मग विचारलं, ‘‘जेवलात का?’’

‘‘स्टँडवर,’’ ते म्हणाले. ‘‘मिसळ.’’